दुसऱ्या अर्थाचा दाखला

१

कोश छापखान्यात जायच्या दिवशीच सकाळी आमच्या एका पानाला भोक सापडलं.

भोक म्हणजे आरपार नव्हे. आमची पानं तेव्हा पुठ्ठ्यावर तयार व्हायची. छापील मजकुराच्या पट्ट्या कापून पुठ्ठ्यावर चिकटवायच्या, छापखान्यात त्या पुठ्ठ्याचा फोटो निघायचा आणि त्यावरून पान छापलं जायचं. ‘मिस’ हा इंग्रजी शब्द ज्या पुठ्ठ्यावर होता, त्याच्या अगदी तळाची ओळ गायब होती. पात्यानं कापून, सोलून काढलेली. खालचा पिवळट पुठ्ठा पडलेल्या दातामागच्या हिरडीसारखा उघडा पडला होता.

मला ते पहिल्यांदा दिसलं आणि मी ओरडले. नको होतं ओरडायला, कारण काका शेजारच्याच खोलीत होते.

काका कुणाचेच काका नव्हते आणि म्हणून सगळ्यांचे होते. आमच्या इंग्रजी-मराठी कोशाचे ते मुख्य संपादक. इंग्रजी शब्द घ्यायचा आणि त्याचा मराठी अर्थ द्यायचा, एवढंच काम. पण त्यात काकांचे केस आधी पांढरे झाले आणि मग गेले. त्यांनी पुठ्ठा हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि टेबलावर पालथा ठेवला.

“आज एक ओळ कापली,” ते म्हणाले, “आणखी कुठे काय कापलंय, काय बदललंय, मला काय माहीत? ज्या घरात पान कापलं जातं, तिथल्या कुठल्याच पानावर मी सही करणार नाही. कापणारा समोर येऊ दे, मग बघू.”

“काका, संध्याकाळी छापखान्याची गाडी येणार आहे.”

“येईल तशी जाईल.”

झालं. गाडी रिकामी गेली असती तर छापखान्यानं शाळेची पुस्तकं हाती घेतली असती आणि आमचा नंबर गेला असता थेट पुढच्या वर्षावर. काकांचं वय आणि त्यांचा जिना चढतानाचा श्वास बघता ‘पुढच्या वर्षी’ हे शब्द आम्ही त्यांच्यासमोर काढत नव्हतो. एवढा मोठा कोश केलेला माणूस कोश न बघताच गेला असता, तर मी काही स्वतःला माफ केलं नसतं.

आता ऑफिसात कोण कोण होतं ते सांगते, म्हणजे संशय घ्यायला सोपं जाईल. काका. मी, म्हणजे छापील मजकुरातल्या चुका शोधणारी. माझ्या जिभेवरून मला सगळे कात्री म्हणत. पट्ट्या जुळवून चिकटवणारी जुळारीण. प्रत्येक शब्दाचा उच्चार लिहिणारे उच्चारराव. आणि दाखलेबाई. प्रत्येक अर्थ वाक्यात कसा येतो हे दाखवायला आम्ही एक वाक्य देत असू. त्याला म्हणायचं दाखला. सगळ्या कोशातले दाखले या बाईंनी एकटीनं लिहिले होते. गायब झालेली ओळ म्हणजे असाच एक दाखला होता, ‘मिस’च्या दुसऱ्या अर्थाचा.

पहिला अर्थ सोपा होता. चुकणे, हुकणे. बस चुकते, नेम हुकतो. दुसऱ्यानं मात्र काकांना छळलं होतं. एखादं माणूस जवळ नसलं की आत जे काही होतं, त्याला इंग्रजीत तोच शब्द. काकांनी ‘आठवण येणे’ लिहिलं होतं आणि रोज त्यावर चरफडत होते. “आठवण तर किराणा मालाचीही येते,” ते म्हणत. “हे त्याहून वेगळं आहे. पण मराठीत शब्द सापडत नाही.”

“दाखला काय होता?” काकांनी विचारलं.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. हसू येईल, पण कुणालाच आठवत नव्हतं. चुका शोधणारी मी, पण माझ्या वाट्याला येतील त्याच ओळी वाचते आणि त्याही उलटीकडून, शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे. नाहीतर मन गोष्टीत रमतं आणि चूक निसटते. जुळारीण फक्त लांबी बघते. आम्ही सगळा कोश वाचला होता आणि त्यातलं काहीच वाचलं नव्हतं.

दाखल्याची मूळ हस्तलिखित चिठ्ठी खणात असायला हवी. खण उघडला. चिठ्ठीही नव्हती.

“तुम्ही लिहिलाय ना?” काका दाखलेबाईंकडे वळले. “सांगा. परत जुळवून घेऊ.”

दाखलेबाईंच्या पायाशी त्यांची प्रवासाची बॅग होती. त्यांचं काम संपलं होतं. संध्याकाळच्या बसनं त्या दुसऱ्या गावी बहिणीकडे कायमच्या राहायला चालल्या होत्या. त्यांनी बॅगेचा पट्टा उगाचच घट्ट केला.

“नाही सांगता येणार,” त्या म्हणाल्या. “आणि दुसराही लिहून देणार नाही.”

२

आमच्या ऑफिसच्या खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता, आणि तो चालवत होत्या माझ्या वन्सं, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. शोध लावणं हा त्यांचा जन्मजात रोग होता. माझं लग्न होऊन महिना झाला नसेल, तेव्हा घरात कुणीतरी केकचा तुकडा चोरून खाल्ला आणि सगळ्यांनी नव्या सुनेकडे बघितलं. वन्संनी उरलेल्या केकवरच्या दातांच्या खुणा तपासल्या आणि थेट सासऱ्यांना तोंड उघडायला सांगितलं. तेव्हापासून मी त्यांची भक्त.

त्या हात पुसत वर आल्या. गळ्यात भिंग, खिशात तो छोटा गोल आरसा.

“वहिनी, पान दाखव.”

त्यांनी पुठ्ठा उजेडाकडे धरला, भिंग लावलं आणि तोंडात बघावं तशा त्या भोकात बघत बसल्या. जिभेनं च्यक केलं.

“कापणाऱ्याचा हात चांगला आहे. पट्टी लावल्यासारखी रेघ सरळ आलीय. फक्त हे बघ.”

वरच्या कडेला, साधारण मध्यावर, रेघ जरा खाली वळून परत वर गेली होती. डाळीचा दाणा बसेल एवढा अर्धगोल.

“पातं घसरलं असेल,” मी म्हटलं.

“घसरलेलं पातं असं गोल घसरत नाही गं. वर काय आहे इथे?”

वर ‘मिस’च्याच एका रूपाचा उच्चार दिला होता. कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा हे कळावं म्हणून आमच्या कोशात त्या अक्षराखाली टिंब असायचं. ते टिंब अर्धगोलाच्या पोटात सुखरूप बसलं होतं.

वन्संनी भिंग खाली ठेवलं. पुढचा पुठ्ठा त्यांनी स्वतःच ओढला. “आणि हे पान कशानं सुरू होतं?”

“त्याच शब्दाच्या उरलेल्या मजकुरानं.”

त्यांनी पहिली ओळ मोठ्यानं वाचली. “‘पण शेवटची पायरी उतरायच्या आतच आली.’ काय आली?”

“बस,” मी म्हटलं. “मिस म्हणजे चुकणे ना, त्याच्यातलंच काहीतरी असेल. बस चुकेल चुकेल म्हणून कुणी धावतंय आणि पायरी उतरायच्या आत बस आली.”

“हे पान तूच तपासलंस?”

“सम आकड्यांची पानं माझी, विषम उच्चाररावांची. निम्मी निम्मी वाटून घेतली की काम लवकर होतं.”

“म्हणजे हे भोकवालं पान उच्चाररावांचं आणि त्याच्या पाठचं तुझं. तू त्यांचं वाचत नाहीस, ते तुझं वाचत नाहीत.”

“हो. वाचायचं कशाला?”

“आणि एका दाखल्यात वाक्यं किती असतात?”

“एक. एक अर्थ, एक दाखला, एक वाक्य. दाखलेबाईंचाच नियम आहे. दुसरं वाक्य लिहिलं तर हात कलम करीन म्हणायच्या.”

वन्संनी दोन्ही पुठ्ठे शेजारी शेजारी ठेवले आणि त्यांच्याकडे बघून त्या हसल्या. मग म्हणाल्या, “एकेकाला खाली पाठव. म्हणावं, जाता जाता फुकट दात तपासून देते. तोंड उघडं असलं की माणसाला खोटं बोलायला जमत नाही. तू ये, ट्रे धरायला.”

३

पहिली जुळारीण आली, कारण काकांचा संशय तिच्यावर होता. आमच्यात सगळ्यात धारदार पातं तिचं आणि दाखलेबाईंशी तिचं दर आठवड्याला वाजायचं. दाखला लांब झाला की ओळ जागेत बसत नाही, म्हणून ती कटकट करायची.

ती खुर्चीत बसली ती मुळी बोलायलाच. वन्संनी आरसा आत घातला तरी थांबेना.

“आँ... मी कापलं असतं तर भोक ठेवलं असतं का? सांगा तुम्ही. कोरी जागा दिसली की मला अन्न गोड लागत नाही. आमच्या घरात भिंतीवर दोन फोटोंत अंतर जास्त झालं तर मी मध्ये कॅलेंडर लावते. मी ओळ काढली असती तर वरच्या ओळी सैल करून पान असं भरलं असतं, की काकांच्या सात पिढ्यांना पत्ता लागला नसता.”

“गुळण्या करा,” वन्सं म्हणाल्या. ती गेल्यावर त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “ही नाही. हिच्या हातून जागा रिकामी राहणारच नाही. पुढचा.”

दाखलेबाई आल्या त्या ओठ मिटून. खुर्चीत अंग चोरून बसल्या.

“दाखला साधा होता का?” वन्संनी विचारलं.

“साधा होता.”

“मग सांगायला काय हरकत?”

उत्तर म्हणून दाखलेबाईंनी तोंड मिटलं. दुर्दैवानं वन्संचं बोट आत होतं.

“तुमचे मागचे दात झिजायला लागलेत,” वन्सं बोट झटकत म्हणाल्या. “कधीपासून दात खाताय झोपेत?”

“मी कशाला कुणावर दात खाऊ?”

“तसे नाही. खरेखुरे. काही मनात राहिलं की झोपेत जबडा चालतो. बहिणीकडे जायचं ठरल्यापासून का?”

दाखलेबाईंनी छताकडे बघितलं. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं. “बहीण बोलावते आहे,” त्या म्हणाल्या. “इथं आता काम नाही. काम नसताना रोज जिना चढून यायला कारण काय सांगायचं माणसानं?”

मला त्यांचं उत्तर फार लागलं. माझ्या शेजारच्या टेबलाशी त्या इतकी वर्षं बसल्या, आणि मी एकदाही म्हटलं नव्हतं की कारण नसलं तरी या. वन्संनी त्यांचा खांदा थोपटला आणि त्यांना जाऊ दिलं.

“यांनी कापलं असेल?” मी विचारलं. “स्वतःचंच? लाज वाटली म्हणून?”

“स्वतःचा दाखला बदलायची त्यांना मुभा होती ना?”

“कालपर्यंत होती. दुसरा लिहून दिला असता तर कुणी का विचारलं नसतं.”

“मग पेन असताना पातं कशाला हातात घेतील?” वन्संनी नवा कापूस काढला. “आता ते येऊ देत.”

४

उच्चाररावांविषयी आधी थोडं सांगायला हवं. माणूस भला, पण त्यांच्यासमोर तोंड उघडायची सोय नव्हती. जिभेला काही हाड नसतं म्हणतात. उच्चाररावांनी प्रत्येकाच्या जिभेत हाड बसवायचं व्रत घेतलं होतं. तुम्ही ‘व्हेजिटेबल’ म्हणालात की ते डोळे मिटून बरोबर उच्चार करणार, आणि तुम्ही तो परत म्हणेपर्यंत हलणार नाहीत. एकदा पोस्टमनला त्यांनी ‘रजिस्टर्ड’साठी दारात उभं केलं होतं. त्यानंतर आमचा पोस्टमन बदलला. दाखलेबाईंचं आणि त्यांचं टेबल समोरासमोर. दिवसातून दहादा ते त्यांना टोकणार आणि दाखलेबाई दहादा म्हणणार, “तुमच्या तोंडाला लागायचं नाही ठरवलंय मी.” मग दुपारी दोघं एकाच किटलीतला चहा पिणार.

गेला आठवडाभर मात्र त्यांनी कुणाला टोकलं नव्हतं. आम्ही म्हटलं, चला, देव पावला. मी तर मुद्दाम दोन-चार शब्द वाकडे बोलून घेतले.

ते खुर्चीत बसले. वन्सं अघळपघळ आवाजात म्हणाल्या, “कम्फर्टेबल बसा. हात रिलॅक्स सोडा. नंतर रिसिप्ट हवी असली तर सांगा, हं. रिसिप्ट देते मी.”

मी श्वास रोखला. ‘रिसिप्ट’ हा शब्द असा प सकट उच्चारल्यावर उच्चाररावांच्या कपाळाची शीर उडते, हे मी स्वतः पाहिलेलं. त्यांच्या ओठांची हालचाल झाली. पण ते गप्प बसले.

“नको,” एवढंच म्हणाले.

वन्संनी त्यांच्या गालावरून बोट फिरवलं. “जबडा दगड झालाय. दुखतो?”

“आठवडा झाला. सकाळी उठलं की तोंड उघडत नाही.”

“बरं आहे. तेवढंच लोकांना बोलता येतं.”

एरवी यावर त्यांनी काहीतरी सणसणीत उत्तर दिलं असतं. आता त्यांनी फक्त मान हलवली आणि खिशातली चष्म्याची डबी चाचपली. चष्मा डोळ्यांवरच होता.

ते गेल्यावर वन्संनी हातमोजे काढून फेकले. “एकाच खोलीतली दोन माणसं एकाच आठवड्यात झोपेत दात खायला लागतात, वहिनी, आणि तुम्ही सगळे समोर बसून शब्दांचे अर्थ शोधता. चल वर. सगळ्यांना काकांच्या खोलीत बोलाव.”

“कळलं तुम्हांला?”

“मला आधीच कळलं होतं. का केलं, ते कळायला त्यांचा जबडा बघावा लागला.”

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. छापखान्याचा माणूस आला होता.

५

काकांच्या खोलीत सगळे दाटीवाटीनं उभे राहिले. छापखान्याचा माणूस दारात टेकून ऐकत होता. त्याला वाटलं, इथं रोज असंच चालतं. वन्संनी पुठ्ठा भिंतीला टेकवून ठेवला.

“हे कापणारी जुळारीण नाही,” त्या म्हणाल्या. “तिनं कोरी जागा ठेवली नसती. दाखलेबाई नाहीत. त्यांना कापायची गरज नव्हती, बदलून दिलं असतं. माझी वहिनी नाही, कारण ती ओरडली, आणि तिला नाटक येत नाही हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.”

“आणि मी?” काकांनी विचारलं.

“काका, तुमचा हात थरथरतो. ही रेघ सरळ आहे. आता हा अर्धगोल बघा. कापणारा रागात होता किंवा दुःखात होता, काहीतरी मोडायला निघाला होता. पण वाटेत वरच्या ओळीतलं जोराचं टिंब आलं, आणि एवढ्यातही त्याचं पातं त्या टिंबाला वळसा घालून गेलं. तुमच्यापैकी कुणी ते टिंब वाचवलं असतं?”

मी प्रामाणिकपणे सांगते, मी नसतं वाचवलं. जुळारीणही नाही म्हणाली. आमच्या डोळ्यांना ते माशीच्या पायाएवढंही नव्हतं. ज्यानं आयुष्यभर एकेका अक्षराखाली अशी टिंबं दिली, त्याच्याशिवाय त्याची कुणाला पर्वा?

सगळ्यांची मान एकाच दिशेला वळली.

उच्चाररावांनी खिशातून चष्म्याची डबी काढली आणि उघडून काकांपुढे ठेवली. आत छापील पट्टी होती, न सुरकुतलेली, आणि घडी घातलेली चिठ्ठी.

“मी कापलं,” ते म्हणाले. “माझी सगळी पानं हवी तर परत तपासा. बाकी कशाला हात लावलेला नाही. चिठ्ठी तर घडीवरचा शब्द बघून उचलली, उघडलीसुद्धा नाही. राजीनामा लिहून देतो.”

“का पण?” काकांचा आवाज चढला नाही. मला वाटतं, त्यांना रागापेक्षा आश्चर्यच जास्त वाटत होतं.

“माझ्याबद्दल होतं. छापून घराघरात जाणार होतं. शाळेतली मुलं वाचणार होती.”

“वाचा,” वन्सं म्हणाल्या.

दाखलेबाईंचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्या दाराकडे निघाल्या, पण दारात छापखान्याचा माणूस होता आणि तो बाजूला होईना. त्यालाही ऐकायचं होतं.

उच्चाररावांनी पट्टी उचलली. “‘येता-जाता सगळ्यांचे उच्चार सुधारणाऱ्या त्या गृहस्थांची मला मुळीच आठवण येणार नाही.’” त्यांनी पट्टी खाली ठेवली. “खरं आहे ते. मी त्रासदायक माणूस आहे, मला माहीत नाही असं नाही. पण जाताना एवढंच लिहून जावं?”

“पुढचं पान वाचा.”

“पुढचं पान माझं नाही. मी विषम पानं वाचतो.”

“आज समही वाचा.”

“पण दाखला इथंच संपतो. एक दाखला, एक वाक्य. या घरात—”

“उच्चारराव,” वन्सं दातांच्या डॉक्टरांना साजेशा आवाजात म्हणाल्या, “तोंड उघडा आणि वाचा.”

त्यांनी दुसरा पुठ्ठा घेतला. पहिल्या ओळीवर नजर गेली आणि ते थांबले. मग अक्षर अक्षर लावणाऱ्या मुलासारखं त्यांनी वाचलं.

“‘पण शेवटची पायरी उतरायच्या आतच आली.’”

बस नव्हती ती, आठवण होती. मी स्वतःच्या कपाळावर हात मारला. मी ते पान दोनदा तपासलं होतं. उलटीकडून, शब्द शब्द. एकाही शब्दात चूक नव्हती.

“दोन वाक्यं?” उच्चारराव म्हणाले. “तुम्ही? दाखल्यात?”

“एकदाच,” दाखलेबाई दाराकडे बघत म्हणाल्या. “माझा शेवटचा दाखला होता तो. म्हटलं, एवढा एक नियम मोडू. पान नेमकं मध्येच तुटेल, मला काय ठाऊक.”

“मला वाटलं, तुम्हांला मी नकोसा झालोय. आठवडाभर कुणाला टोकलं नाही मी.”

“कळलं मला. सबंध आठवडा खोली कशी ओकीबोकी झाली होती. एवढं चुकीचं बोलले मी मुद्दाम, तरी तुमचं लक्ष नाही.”

जुळारणीनं डोळे पुसले आणि वर मलाच म्हणाली, “तुझ्या डोळ्यांत काय गेलं?”

“तुम्ही जाणार म्हणून कळलं,” उच्चारराव म्हणाले. आता ते कुणाकडेच बघत नव्हते. “तेव्हापासून मला सारखं चुकल्याचुकल्यासारखं होतंय. त्यात हे वाचलं. मग पातं घेतलं.”

“थांबा,” काका म्हणाले.

ते खुर्चीतून उठले होते. काका असे ताडकन उठलेले मी कित्येक वर्षांत बघितले नव्हते.

“काय म्हणालात?”

“पातं घेतलं.”

“त्याच्या आधी.”

“चुकल्याचुकल्यासारखं होतंय.”

“पुन्हा म्हणा.”

“चुकल्याचुकल्यासारखं,” उच्चारराव म्हणाले, आणि सवयीनं जोर कुठे द्यायचा तेही दाखवलं.

काकांनी टेबलावर थाप मारली. चहाचे कप नाचले. “हाच. अरे, हाच अर्थ. बस चुकते तो पहिला, आणि माणूस नसलं की चुकल्याचुकल्यासारखं वाटतं तो दुसरा. तिथंही चुकणं, इथंही चुकणं. आपल्या आयाबहिणी रोज बोलतात आणि मी सगळी पुस्तकं पालथी घातली. काखेत कळसा आणि गावाला वळसा.” त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि ‘आठवण येणे’वर काट मारली. “जुळारीण, धाव.”

जुळारीण केव्हाच पट्ट्या छापायच्या यंत्राकडे पळाली होती.

“आणि माझा राजीनामा?” उच्चाररावांनी विचारलं.

“पान कापल्याबद्दल,” काका म्हणाले, “तुम्ही कोशाच्या पुरवणीचं काम करायचं, बिनतक्रार. नवे शब्द येतच राहतात. पुरवणीला दाखले लागतील. दाखल्यांना दाखलेबाई लागतील.” ते त्यांच्याकडे वळले. “रोज जिना चढायला एवढं कारण पुरेल का हो?”

दाखलेबाईंनी बॅग उचलली. पण त्यांनी ती फक्त वाटेतून बाजूला, टेबलाखाली सरकवली.

६

पान पुरं व्हायला वेळ लागला. नवा अर्थ जुन्यापेक्षा लांब होता, त्यामुळे जुळारीण कुरकुरत होती. पण ती खुशीत कुरकुरत होती. दाखल्याची पट्टी उच्चाररावांनी स्वतः चिकटवली. दोन वाक्यं तशीच राहिली, मध्ये पान उलटायला लागतं ते लागतंच. “नियम मोडला तर मोडला,” काका म्हणाले, “पण एकदाच. कुणी पायंडा पाडू नका.” मग त्यांनी सही केली. हात थरथरत होता, तरी सही पहिल्या झटक्यात झाली.

गाडी पुठ्ठे घेऊन गेली. आम्ही सगळे खिडकीत उभे राहून ती वळेपर्यंत बघत होतो. वन्सं दवाखान्याला कुलूप लावून निघाल्या.

“तुमची फी, वन्सं?” मी विचारलं.

“त्या दोघांना झोपेत दात खाणं बंद झालं की नाही, तेवढं महिन्याभरानं कळव. आणि त्यांना सांग,” त्या जिन्यावरून ओरडल्या, “रिसिप्ट पाठवते.”

“रिसीट,” वरून उच्चाररावांचा आवाज आला. “प उच्चारायचा नाही. म्हणा बघू.”

आम्ही टाळ्या वाजवल्या.

कोश त्याच हंगामात छापून आला. काकांनी तो मांडीवर घेऊन पहिल्यांदा उघडला तो ‘मिस’च्याच पानावर, आणि त्यानंतरही पुष्कळ दिवस त्यांनी आम्हांला छळलं. त्या संध्याकाळचं सांगायचं तर पुठ्ठे गेल्यावर किटलीत चहा झाला, चहावर गप्पा झाल्या, आणि बोलता बोलता दाखलेबाईंनी घड्याळ बघितलं. त्यांची बस केव्हाच चुकली होती. पहिला अर्थ. दुसऱ्याची वेळ त्यांच्यावर मग कधी आलीच नाही.